नोटीस येण्याआधीची फाइल : गोव्यातील मालक संघटनांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व पदाधिकारी,
गोव्यातील उद्योजक, हॉटेल व्यावसायिक आणि व्यापारी यांच्या सर्व संघटना.

विषय : नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी व दावे, आणि त्याबाबत संघटनांनी सदस्यांसाठी करावयाची व्यवस्था.

महोदय, महोदया,

मी कामगारविषयक दाव्यांत मालकांची बाजू मांडणारा वकील आहे. वेर्णा, कुंडई, पिळर्ण येथील कारखाने, किनारपट्टीवरची हॉटेले आणि पणजी-मडगावातील दुकाने व कार्यालये यांची वकीलपत्रे माझ्याकडे असतात, तेव्हा हे पत्र कोणा कामगार संघटनेच्या सांगण्यावरून लिहिले आहे असा समज कृपया करून घेऊ नये. भेदभावाचा आरोप असलेल्या प्रकरणात मालक हरतो तो बहुतेक वेळा सुनावणीच्या वेळी नव्हे, तर ज्या दिवशी एखाद्या कर्मचाऱ्याबद्दल निर्णय झाला आणि त्या निर्णयाचे खरे कारण कुठेही लिहून ठेवले गेले नाही त्या दिवशी, एवढेच मला आपल्यासमोर मांडायचे आहे. वकील बदलून, मोठी फी देऊन किंवा पर्वरीला उच्च न्यायालयात रिट दाखल करून ती उणीव भरून निघत नाही.

एक उदाहरण देतो. आस्थापना कोणती हे सांगणे माझ्या व्यवसायाच्या नियमात बसत नाही. मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या एका महिलेने आपण गरोदर असल्याचे लेखी कळवले आणि पुढच्याच महिन्यात तिच्या कराराचे नूतनीकरण नाकारण्यात आले. काम समाधानकारक नव्हते, असे व्यवस्थापनाने उत्तरात लिहिले. उलटतपासणीत कामगाराच्या वकिलाने एचआर व्यवस्थापकाला विचारले, की काम समाधानकारक नव्हते तर मेमो कधी दिला होता? दिला नव्हता. एप्रिलमध्ये पगारवाढ दिली होती का? दिली होती. वाढीच्या पत्रात ‘आपल्या चोख कामाची दखल घेऊन’ असे शब्द आहेत, त्याखाली सही कोणाची? सही त्याच्याच हातची होती. ते वाक्य सगळ्यांच्याच पत्रात छापलेले असते, असे त्याने सांगून पाहिले, तेव्हा मग उरलेल्या सगळ्यांचे करार पुढे चालू कसे राहिले, या प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. या प्रकरणातली वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी, की मागणी घटल्यामुळे त्या विभागातील आणखी काही करार पुढच्या तिमाहीत थांबवायचे खरोखरच ठरले होते. पण ते ठरले होते मालक आणि कारखाना व्यवस्थापक यांच्यात, फोनवर. कागदावर आले ते कामगिरीचे ठोकळेबाज कारण, कारण फॉरमॅटमध्ये तेच होते.

खासगी नोकरीत भेदभाव करू नये असे सांगणारा एकच सर्वसमावेशक कायदा आपल्या देशात नाही, आणि घटनेची कलमे १५ आणि १६ मुख्यतः शासनाला बांधतात, हे अनेक मालकांच्या कानावर असते. त्यावरून आपल्याला कोणीच विचारणार नाही असा जो निष्कर्ष काढला जातो तो मात्र चुकीचा आहे. बंधने आहेत, ती वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्यावर त्यांची मांडणीही बदलली आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेच्या कलम ३ ने घेतली असून त्यात समान किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी लिंगाच्या आधारे वेतनात फरक करण्यास मनाई आहे, भरतीतही तशीच मनाई आहे, आणि फरक मिटवण्यासाठी ज्याचा पगार जास्त आहे त्याचा कमी करण्याची वाटही बंद केलेली आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे. ज्या आस्थापनांत आजही ‘उद्यापासून ये’ एवढ्यावर माणूस कामाला लागतो, त्यांच्यासाठी हा बदल दंडाच्या रकमेपेक्षा मोठा आहे, कारण नियुक्तिपत्र नसेल तर करार मुदतीचा होता, काम हंगामी होते किंवा पद वेगळे होते हे मालकाने सिद्ध करायचे तरी कशाच्या आधारे?

वेतनाच्या बाबतीत सदस्यांना एका जुन्या निकालाची आठवण करून द्यावी. मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीच्या प्रकरणात स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. कंपनीने कामाचे स्वरूप वेगळे असल्याचे म्हटले, कामगार संघटनेशी झालेल्या समझोत्याकडे बोट दाखवले आणि आर्थिक परिस्थिती नाजूक असल्याचेही सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली यांतला एकही बचाव मानला नाही. ऐपत नाही म्हणून समान वेतन देत नाही, असे मालकाला म्हणता येत नाही. आपल्याकडे हाउसकीपिंगमध्ये पुरुषाला ‘अटेंडंट’ आणि स्त्रीला ‘हेल्पर’ असे पदनाम देऊन जो फरक राखला जातो, तो या निकालापुढे किती टिकेल याचा विचार संबंधितांनी आपापल्या मस्टरवर नजर टाकून करावा. खोल्या त्याच, चादरी त्याच आणि पाळीही तीच असेल, तर पदनामाच्या फरकावर बचाव उभा राहत नाही.

आता अंतर्गत समितीविषयी, कारण सर्वांत जास्त पडझड मी इथे पाहिली आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अशी समिती मागतो. अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि एक बाहेरचा सदस्य. समिती नसेल तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दुप्पट दंडाबरोबर परवाना रद्द होण्याचीही तरतूद आहे. दंडाच्या भीतीने समिती नेमली जाते, तिचा आदेश नोटीस बोर्डावर लागतो आणि तिथेच राहतो. एका ठिकाणी मला समितीच्या बैठकांचे इतिवृत्त दाखवण्यात आले. वर्षभराच्या चारही बैठका एकाच शाईत, एकाच अक्षरात, एकाच बसणीत लिहिलेल्या दिसत होत्या, आणि ज्या महिला सदस्याची शेवटच्या बैठकीला हजेरी दाखवली होती ती त्याआधीच नोकरी सोडून गेल्याचे भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीवरून उघड होत होते. असा कागद नसलेला परवडला. नसलेल्या कागदाला निष्काळजीपणा म्हणता येते. बनावट कागदाला काय म्हणतात ते न्यायाधीशच सांगतात.

समिती खरी असली तरी चौकशी नीट झालीच पाहिजे, हे सांगणारा निकाल तर आपल्या गोव्यातूनच गेलेला आहे. गोवा विद्यापीठातील एका प्राध्यापकावर २००९ साली विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, चौकशीअंती त्याला सेवेतून काढण्यात आले आणि उच्च न्यायालयानेही ती कारवाई उचलून धरली. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती रद्द केली, कारण समितीने सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या होत्या की बचावाला पुरेसा अवसर मिळाला नव्हता, आणि प्रकरण पुन्हा चौकशीसाठी मागे पाठवले. तक्रारदारांना न्याय देण्याच्या उतावळीत समितीने त्यांचेच अधिक नुकसान केले, असा त्या निकालाचा आशय आहे. चौदा वर्षांनी चौकशी पुन्हा पहिल्या पायरीवर येणे म्हणजे काय, हे तक्रारदार, आरोपी आणि संस्था या तिघांच्याही जागी बसून पाहावे. कायद्याने चौकशीला नव्वद दिवस दिले आहेत. ते दोन आठवड्यांत संपवून शाबासकी मिळत नाही आणि दोन वर्षे रेंगाळवूनही सुटका होत नाही.

याच प्रकरणात पुढे ३ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समिती नेमण्याचे, तसेच खासगी आस्थापनांतील समित्यांची पाहणी करण्याचे निर्देश दिले. दहापेक्षा कमी माणसे असलेले शॅक, होमस्टे, पार्लर, दवाखाने आणि छोटी हॉटेले यांना या स्थानिक समितीच्या अधिकारकक्षेतूनही सूट नाही, ही गोष्ट आपल्या बहुसंख्य सदस्यांना ठाऊकच नसते, असा माझा अनुभव आहे. तिथे तर मालकाविरुद्धचीच तक्रार थेट जाते.

बाहेरच्या सदस्याबाबत एक सूचना आग्रहाने करतो. पंजाब अँड सिंध बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तक्रारदार महिला अधिकाऱ्याची बदली हा छळाचाच भाग ठरवून रद्द केली, आणि तक्रार समितीतील बाहेरची सदस्य बँकेच्याच पॅनेलवरची वकील होती यावरही बोट ठेवले. माझ्यासारख्या वकिलालाच ‘तुम्हीच बसा ना समितीवर, घरचेच आहात’ असे म्हणणारे मालक मला वरचेवर भेटतात. त्यांचा विश्वास मी समजू शकतो, पण जो उद्या तुमची केस लढणार त्याने आज तटस्थ म्हणून बसायचे नसते. तसेच तक्रार आल्यावर तक्रारदाराला ‘तिच्याच सोयीसाठी’ दुसऱ्या विभागात हलवण्याचा मोह टाळावा. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा कायद्यात आहे, पण ती तिच्या लेखी विनंतीवरून आणि समितीच्या शिफारशीनेच. समझोताही तिच्या विनंतीवरूनच होतो, आणि त्याचा पाया पैसा असू शकत नाही. पाकिटे देऊन मिटवलेली प्रकरणे नंतर त्या पाकिटासकट उभी राहतात.

खोट्या तक्रारींचे काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत मागच्या रांगेतून येतोच. २०१३ च्या त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये हेतुपुरस्सर खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, मात्र केवळ तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेले आहे. एवढे उत्तर पुरे.

स्त्रियांना रात्रपाळीला ठेवत नाही, बारवर ठेवत नाही, कॅसिनोच्या अमुक विभागात ठेवत नाही, कारण उगाच भानगड नको, हे वाक्य आपल्या पर्यटन व्यवसायात फार सहजपणे बोलले जाते. मद्य प्यायले जाते त्या जागी स्त्रियांना कामावर ठेवण्याची मनाई करणारे दिल्लीत लागू असलेले अबकारी कलम टिकणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले. सुरक्षिततेची जबाबदारी पार पाडण्याऐवजी स्त्रीचा रोजगारच काढून घेणे हा संरक्षणाचा मार्ग नव्हे, हे त्यामागचे सूत्र. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाआधी स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटी पाळून काम देता येते. संमती लेखी घ्यावी, वाहनाची नोंदवही ठेवावी. भानगड टाळण्याचा उपाय हा आहे. जाहिरातीत ‘फक्त पुरुष उमेदवार’ असे छापणे नव्हे, कारण ती जाहिरात वर्तमानपत्राच्या तारखेसह तुमच्याविरुद्धचा तयार पुरावा होते.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण करायला लावतो, याची आठवण फार थोड्या ठिकाणी आहे. २०२३ पासून पणजीत अपंग व्यक्तींसाठीचा पर्पल फेस्ट हा महोत्सव भरतो, त्या दिवसांत हॉटेलांच्या दर्शनी भागात जांभळी रोषणाई होते आणि पाहुण्यांसाठी रॅम्पही सापडतो; कर्मचाऱ्यांच्या मागच्या दारापाशी मात्र तीच तीन पायऱ्यांची चढण असते. ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्यानेही नोकरीतील भेदभावाला मनाई करून तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन घातले आहे.

एचआयव्हीबाबत मात्र जरा थांबतो, कारण गोव्याची त्यात जुनी जखम आहे. १९८९ साली म्हापशाजवळच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतरच्या तपासणीत एचआयव्ही आढळला म्हणून, तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन दोन महिन्यांहून अधिक काळ जुन्या क्षयरोग रुग्णालयात डांबून ठेवण्यात आले होते, आणि त्याच्या आईला त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. पुढे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, कामाला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. २०१७ च्या कायद्याने तर नोकरीसाठी ही चाचणी अट म्हणून घालण्यासच मनाई केली. तरीही भरतीआधीच्या वैद्यकीय तपासणीच्या छापील यादीत ती ओळ काही आस्थापनांत अजून आहे. बहुधा कोणी वाचतच नाही, प्रयोगशाळेने दिलेले पॅकेज तसेच चालू राहते. संघटनांनी एका परिपत्रकाने ती ओळ काढून टाकायला सांगावी. यासाठी वकिलाचीही गरज नाही.

स्थानिक आणि बाहेरचे हा गोव्यातला सर्वांत नाजूक विषय. मे २०२४ मध्ये येथील औषध कंपन्यांनी गोव्यातल्या जागांसाठी महाराष्ट्रात मुलाखती ठेवल्या तेव्हा उठलेले वादळ आपल्या लक्षात असेलच. खासगी कंपन्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागा राखणारा हरियाणाचा कायदा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला, तेव्हा सक्तीचा मार्ग कायद्याच्या कसोटीवर अवघड आहे. पण कायद्याने सक्ती करता येत नाही याचा अर्थ मालकाने गोमंतकीय उमेदवाराला टाळावे असा होत नाही. ‘इथली मुले टिकत नाहीत, चतुर्थीला गावी बसतात, युनियन करतात’ असे निवड समितीच्या टिपणात लिहिलेले मी वाचले आहे. त्या टिपणावर खटला उभा राहील की नाही हा कायद्याचा प्रश्न झाला. गावातल्या पंचायतीच्या ना-हरकत दाखल्यावर चालणाऱ्या कारखान्याने असे टिपण लिहावे हे शहाणपणाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे ग्राहकांशी किंवा कामगारांशी बोलायचे आहे तिथे कोकणी किंवा मराठी येणे ही कामाची खरी गरज म्हणून जाहिरातीत लिहावी, जागा येथील रोजगार विनिमय केंद्राकडेही कळवावी, आणि मग निवड का केली हे उमेदवारागणिक दोन ओळींत नोंदवावे. उलट, ‘स्थानिक’ या शब्दाआड आडनाव पाहून जात किंवा धर्म गाळण्याची सवय असेल तर ती आधी मोडावी.

नोटीस आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात जे घडते त्याबद्दल थोडे. सीसीटीव्हीचे चित्रण बहुतेक यंत्रणांत काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून त्याच दिवशी ते वेगळे काढून ठेवायला सांगावे. पर्यवेक्षकांच्या व्हॉट्सॲप गटातले संदेश कोणी डिलीट करू नयेत. ते दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमध्ये असतातच, आणि आवश्यक प्रमाणपत्र जोडून ते पुरावा म्हणून दाखल होऊ शकतात. पणजीत पाटो येथील श्रमशक्ती भवनात, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, समेटाची बैठक लागली, की तिथे निर्णय घेण्याचा अधिकार असलेला माणूस पाठवावा. ‘साहेबांना विचारून सांगतो’ एवढेच म्हणू शकणारा कारकून पाठवून पुढची तारीख घेण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामुळे समेटात मिटू शकणारी प्रकरणे न्यायाधिकरणात जातात आणि मागील वेतनाचा आकडा दर महिन्याला वाढत राहतो. माझी फीही वाढते, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

संघटनांकडे माझी मागणी अशी आहे. एकेका छोट्या मालकाला स्वतंत्र एचआर विभाग परवडत नाही हे खरे, पण संघटनेला एक सामायिक व्यवस्था परवडते. सदस्यांपैकी कोणाचेही काम न करणाऱ्या, प्रशिक्षित बाह्य सदस्यांची तालुकावार यादी तयार करून त्यांचे मानधन संघटनेने ठरवून द्यावे, म्हणजे ओळखीपाळखीच्या नेमणुका थांबतील. नियुक्तिपत्र, करार न वाढवण्याचे पत्र, मुलाखतीचा नोंद-तक्ता आणि समितीच्या नोटिसा यांचे मसुदे मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत करावेत. मुलाखतीच्या तक्त्यातून ‘विवाहित आहे का’ आणि ‘मुले किती’ हे रकाने काढून टाकावेत. आणि करार न वाढवण्याच्या पत्रात छापील कारणाऐवजी कोरी जागा ठेवावी, जी सही करणाऱ्याने स्वतःच्या हाताने भरायची. कंपनी स्वरूपातील सदस्यांना जुलै २०२५ पासून संचालकांच्या अहवालात लैंगिक छळाच्या वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि नव्वद दिवसांहून अधिक किती रेंगाळल्या हे द्यावे लागते, तेव्हा लेखापरीक्षकांच्या बैठकीआधी एक तपासणी संघटनेनेच लावावी.

हे मसुदे मी विनामूल्य तपासून देईन. त्यासाठी प्रत्येक संघटनेने एका पदाधिकाऱ्याकडे हे काम लेखी ठरावाने सोपवावे आणि सध्या सदस्यांत फिरत असलेली जुनी फॉरमॅट त्याच ठरावाने मागे घ्यावीत, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
मालकपक्षाचा एक वकील
फोंडा, गोवा